तोच चढ, तोच रस्ता. मग अंतर वेगळं का?

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सायकलिंगची रोड रेस ३ ऑगस्टला झाली आणि स्त्रियांची ४ ऑगस्टला. दोन्ही शर्यती आयफेल टॉवरच्या समोर, नदीपलीकडच्या त्रोकादेरोहून सुटल्या आणि तिथंच संपल्या. मोंमार्त्र टेकडीचा फरसबंदी चढ दोन्हींच्या वाटेत होता. दोन्हींसाठी ९०-९० जागा होत्या. त्याआधी टोकियोत पुरुषांना १३० आणि स्त्रियांना ६७ जागा होत्या, हे लक्षात घेतलं तर ही सुधारणा मोठीच म्हणायची. पण पुरुषांची शर्यत २७३ किलोमीटरची होती आणि स्त्रियांची १५८. बेल्जियमचा रेम्को एव्हनेपुल सहा तास वीस मिनिटांच्या आसपास सायकल मारून जिंकला; अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर जिंकली तेव्हा घड्याळात चार तासही पुरते झाले नव्हते. मधला फरक ११५ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास पुण्याहून साताऱ्यापर्यंतचा.

या फरकाचं टिकाऊ कारण मी शोधून पाहिलं. मला ते सापडलं नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुषांच्या रोड रेसचं अंतर एकच असावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडा इतिहास पाहू, कारण आजचे आकडे त्यातूनच आले आहेत. सायकलिंग हा १८९६च्या अथेन्सपासून ऑलिंपिकमध्ये सलग असलेला खेळ आहे. त्या वर्षीची रोड रेस अथेन्सहून मॅरेथॉनला जाऊन परत यायची, ८७ किलोमीटरची होती. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमध्ये सायकल चालवायला १९८४ उजाडावं लागलं. मधल्या ८८ वर्षांत स्त्रिया सायकल चालवत नव्हत्या असं थोडंच आहे?

इंग्लंडमधल्या लीड्सजवळची बेरिल बर्टन शेतावर काम करायची. मोठ्या कंपन्यांचा पैसा तिच्यामागे नव्हता. रस्त्यावरच्या शर्यतीत ती दोनदा आणि ट्रॅकवर पाठलागाच्या शर्यतीत पाचदा जगज्जेती झाली. १९६७मध्ये बारा तासांच्या टाइम ट्रायलमध्ये ती उतरली. या प्रकारात प्रत्येक जण ठरावीक अंतरानं एकटा सुटतो आणि बारा तासांत जास्तीत जास्त अंतर कापायचं असतं. बर्टन पुरुषांच्या मागून सुटली होती. दिवस कलता कलता तिनं पुढच्या माइक मॅकनमाराला गाठलं. तो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा विक्रम करण्याच्या बेतात होता. ओलांडताना तिनं खिशातली ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. तिनं त्या दिवशी २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर अंतर कापलं. मॅकनमारानं पुरुषांचा नवा विक्रम केला, पण तो तिच्यापेक्षा पाऊण मैलानं कमी होता. पुढची दोन वर्षं तिच्या आकड्याला कुणी पुरुष पोचला नाही. स्त्रियांचा विक्रम म्हणून तो पन्नास वर्षं टिकला.

ही बाई कधीच ऑलिंपिकमध्ये खेळली नाही. तिच्या उमेदीच्या काळात तिथं तिच्यासाठी शर्यतच नव्हती. आणि असती, तर ती कदाचित साठ-सत्तर किलोमीटरची असती.

असं मी का म्हणतो? १९८४मध्ये लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक रोड रेस झाली ती ७९.२ किलोमीटरची होती. त्याच दिवशी, त्याच मिशन व्हिएहो भागात झालेली पुरुषांची शर्यत १९०.२ किलोमीटरची. (ती जिंकणाऱ्या अलेक्सी ग्रेवालचे वडील पंजाबी शीख, भारतीय वंशाच्या सायकलपटूचं ते ऑलिंपिक सुवर्ण आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.) म्हणजे १९८४च्या हलक्या, गिअरच्या सायकलींवर जगातल्या सर्वोत्तम स्त्रियांना जे अंतर दिलं गेलं, ते १८९६मध्ये लोखंडी धुडांवर बसलेल्या हौशी पुरुषांना दिलेल्या अंतरापेक्षाही कमी होतं.

आता त्याच लॉस एंजेलिसमध्ये, त्यानंतर एका आठवड्यात काय झालं ते पाहा. ५ ऑगस्टला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. तिचं अंतर ४२.१९५ किलोमीटर होतं, पुरुषांच्या मॅरेथॉनइतकंच. जोन बेनॉईट २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. तिच्यानंतर वीस मिनिटांनी स्वित्झर्लंडची गाब्रिएला आंडरसन-शीस स्टेडियममध्ये आली ती उन्हानं अर्धमेली होऊन, एका बाजूला झुकत, पाय ओढत. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. साऱ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं. पण पुढच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन तीस किलोमीटरवर आणावी, असं कुणी ठरवलं नाही. तिचं अंतर तेच राहिलं.

हे विशेष वाटतं, कारण आधी एकदा याच्या नेमकं उलट घडलं होतं. १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेनं विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नवाच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. तरी वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्याच्या, जीव जाता जाता वाचल्याच्या कहाण्या छापल्या. त्या कहाण्यांच्या जोरावर ती शर्यत काढून टाकली गेली आणि थेट १९६०च्या रोममध्ये परत आली. म्हणजे बत्तीस वर्षं. मधल्या काळात ज्या मुली मध्यम पल्ल्याच्या धावपटू झाल्या असत्या, त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

धावण्याच्या खेळानं तो धडा घेतला. रस्त्यावरच्या सायकलिंगनं अजून पुरता घेतलेला नाही. १९८४ नंतर स्त्रियांचं अंतर वाढत गेलं हे खरं. बीजिंगला ते १२६ झालं, लंडनला १४०, पॅरिसला १५८. पण पुरुषांचंही बदलत राहिलं आणि दोन्हींमधली दरी प्रत्येक वेळी कायम राहिली. २०२५मध्ये रवांडातल्या किगालीला जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या, तिथंही स्त्रियांना १६४.६ आणि पुरुषांना २६७.५ किलोमीटर.

याच सायकलिंगच्या छताखाली, ट्रॅकवर मात्र वेगळं चित्र आहे आणि माझा सगळ्यात भक्कम पुरावा तिथं आहे. वेलोड्रोममधली, म्हणजे सायकलींच्या गोल ट्रॅकवरची, टीम परस्यूट ही सांघिक पाठलागाची शर्यत घ्या. लंडन २०१२ला स्त्रियांच्या संघात तिघी असायच्या आणि अंतर तीन किलोमीटर. पुरुषांचे चौघे, चार किलोमीटर. रिओ २०१६पासून स्त्रियांनाही चौघी आणि चार किलोमीटर असा नियम झाला. तेव्हाही शंका काढल्या गेल्या असतील, पण उत्तर पहिल्याच स्पर्धेत मिळालं. रिओच्या अंतिम फेरीत ब्रिटनच्या चौघींनी ४ मिनिटं १०.२३६ सेकंद वेळ दिली. पॅरिसला अमेरिकेच्या संघानं ४ मिनिटं ४.३०६ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. १९९६च्या अटलांटामध्ये पुरुषांचं सुवर्ण फ्रान्सनं ज्या वेळेत जिंकलं होतं, तिच्यापेक्षा ही वेळ कमी आहे. सायकली सुधारल्या, कपडे सुधारले, अटलांटाचा ट्रॅक उघड्यावर होता, हे सगळं मान्य. तरीही चौथा किलोमीटर स्त्रियांना झेपणार नाही, असं आज कुणी म्हणू शकेल का?

टीम स्प्रिंट या छोट्या, वेगवान सांघिक शर्यतीचंही तसंच. स्त्रियांचा संघ दोघींचा असायचा, दोन फेऱ्यांचा. तो आता तिघींचा आणि तीन फेऱ्यांचा झाला आहे, पुरुषांसारखाच. २०२५पासून स्त्रियांची वैयक्तिक पाठलागाची शर्यतही तीनवरून चार किलोमीटरवर आली, आणि ५०० मीटरची टाइम ट्रायल एक किलोमीटरची झाली. काही शर्यती मात्र अजून अडून बसल्या आहेत. जोडीनं आळीपाळीनं चालवायची मॅडिसन त्यांतली एक: पुरुषांना ५० किलोमीटर, स्त्रियांना ३०.

टीम स्प्रिंटच्या बदलाचा एक परिणाम थेट आपल्या दारात आला. दोघींचा संघ तिघींचा झाला की प्रत्येक देशाला एक जागा वाढते. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारतानं स्त्रियांचा तिघींचा संघ उतरवला, त्यात महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या, तिसरी बंगालची त्रियाशा पॉल. जुना नियम असता तर यांतल्या एकीला बाकावर बसावं लागलं असतं. युरोपात बसून बदललेला एखादा नियम विदर्भातल्या मुलीच्या आयुष्यापर्यंत असा येऊन पोचतो.

खुद्द रस्त्यावरच्या टाइम ट्रायलमध्येही पॅरिसनं हा प्रश्न निकालात काढला. टोकियोत स्त्रियांना फुजी स्पीडवेची एक फेरी होती, २२.१ किलोमीटर, आणि पुरुषांना दोन, म्हणजे ४४.२. नेमकं अर्धं. पॅरिसला दोघांनाही ३२.४ किलोमीटर, तोच मार्ग, तोच दिवस, तोच पावसानं ओला झालेला रस्ता. ऑस्ट्रेलियाची ग्रेस ब्राऊन ३९ मिनिटं ३८ सेकंदांत जिंकली, एव्हनेपुल ३६ मिनिटं १२ सेकंदांत. वेळेत नऊ-दहा टक्क्यांचा फरक. तो आहे, असणार, कुणी नाकारत नाही.

या ठिकाणी बहुतेक चर्चा घसरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. स्त्री-पुरुषांच्या शरीरातला फरक सायकलिंगमध्ये वेगात दिसतो. त्या फरकासाठीच आपण स्वतंत्र शर्यती ठेवतो, स्वतंत्र पदकं देतो. स्वतंत्र शर्यत ठेवली की त्या फरकाची सोय झाली. त्यावर पुन्हा अंतर कापण्याचं कारण काय? पॅरिसच्या रोड रेसमध्ये फॉकनरचा सरासरी वेग ताशी साडेएकोणचाळीस किलोमीटरच्या वर होता, एव्हनेपुलचा त्रेचाळीसच्या. त्याच वेगानं स्त्रियांनी २७३ किलोमीटर चालवलं असतं तर सात तासांच्या आत शर्यत संपली असती. तग धरण्याच्या बाबतीत तर पुरावे उलट्या बाजूनं मिळतात. २०१९मध्ये युरोप आडवा पार करणारी, सुमारे चार हजार किलोमीटरची ट्रान्सकॉन्टिनेंटल शर्यत जर्मनीच्या फिओना कोल्बिंगरनं जिंकली. तिथं स्त्रियांची वेगळी शर्यत नव्हती. ती सगळ्या पुरुषांच्या पुढे होती. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८मध्ये, विशीत, एकटीनं सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, सुमारे २९ हजार किलोमीटर. आपल्याकडे हौशी सायकलस्वार २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करतात. त्यांत स्त्री-पुरुषांना अंतरही एकच आणि वेळेची मर्यादाही एकच. बँकेत नोकरी करणारी, रविवारी पहाटे सायकल काढणारी बाई जे अंतर करते, ते जगातल्या सर्वोत्तम व्यावसायिक स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये मिळू नये, याचा अर्थ कसा लावायचा?

विरोधातला एक मुद्दा मला खरोखर विचार करायला लावतो. तो असा की छोटी शर्यत जास्त रंगते. पुरुषांच्या लांब शर्यतींत पहिले तीन-चार तास अनेकदा नुसते सरकत असतात, तर स्त्रियांच्या शर्यती सुरुवातीपासून पेटलेल्या असतात. टोकियोत ऑस्ट्रियाच्या आना कीझनहोफरनं पहिल्याच किलोमीटरला हल्ला चढवला, शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटीनं काढले आणि सव्वा मिनिटाच्या फरकानं सुवर्ण जिंकलं. गणितात डॉक्टरेट केलेली, त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघात नसलेली ही खेळाडू. ऑलिंपिकमध्ये संघाशी बोलायला कानात रेडिओ नसतो, त्यामुळे मागच्यांना ती पुढे आहे याचा पत्ताच लागला नाही. नेदरलँड्सची आनेमिक फान फ्लॉयटन तर स्वतः जिंकलो असं समजून हात उंचावत रेषा ओलांडून गेली. ती शर्यत १३७ किलोमीटरची होती आणि आधुनिक सायकलिंगमधल्या सर्वांत रोमहर्षक शर्यतींपैकी एक होती, हे मी आनंदानं मान्य करतो.

पण मग हा मुद्दा पुरुषांनाही लावा. छोटी शर्यत चांगली असेल तर ती दोघांसाठी चांगली. आज म्हटलं जातं असं की पुरुषांच्या शर्यतीत दोनशे किलोमीटरनंतरच खरा कस लागतो, थकलेल्या पायांनी कोण विचार करू शकतो ते तिथंच कळतं, म्हणून लांबी हवीच. आणि त्याच तोंडानं म्हटलं जातं की स्त्रियांच्या शर्यतीला लांबीची गरज नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. दोनशे किलोमीटरनंतरची शर्यत हा या खेळाचा गाभा असेल, तर त्या गाभ्यापर्यंत स्त्रियांना पोचूच दिलेलं नाही.

दुसरा आक्षेप स्वतः काही स्त्री सायकलपटूंचा आहे. त्यांचं म्हणणं, आधी पगार, थेट प्रक्षेपण, वैद्यकीय सोयी, मग अंतराचं बघू. यात तथ्य आहे. वरच्या श्रेणीच्या स्त्री संघांना किमान वेतनाचा नियम लागू झाला तोच मुळी २०२०मध्ये. अनेक देशांत संघांकडे आजही पुरेशा खेळाडू नाहीत. पण ऑलिंपिक ही चार वर्षांतून एकदा येणारी, निवडक खेळाडूंची शर्यत आहे. तिथं प्रत्येकीची तयारी वर्षानुवर्षांची असते. अंतर समान केल्यानं कुणाचा पगार कापला जात नाही. उलट शर्यत मोठी असली की प्रक्षेपणाचा वेळ मिळतो, प्रायोजकाला दिसायला जागा मिळते. आणि नियमात १६०च्या आसपासची मर्यादा असेल तर संघ आणि प्रशिक्षक १६०चीच तयारी करून घेणार. मग त्याच तयारीकडे बोट दाखवून म्हणायचं की बघा, यांना याहून जास्तीची सवय नाही. हे चक्र कुणीतरी बाहेरून तोडावं लागतं. ट्रॅकवर ते नियमानं तोडलं.

रस्ते जास्त वेळ बंद ठेवावे लागतील, असंही सांगतात. पॅरिसमध्ये पुरुषांसाठी ते बंद ठेवलेच होते की.

आता आकडा. स्त्रियांना २७३ किलोमीटर द्यावेत, असं मी म्हणत नाही. कारण पुरुषांचेही २७३ कुठल्या शास्त्रानं ठरलेले नाहीत. १९८४ला त्यांचं अंतर १९० होतं, टोकियोत २३४, पॅरिसला २७३. शहराचा नकाशा, डोंगर, आयोजकांची हौस यांवरून ते ठरतं. म्हणजे दोघांसाठी दोनशे ते दोनशेवीस किलोमीटरचा एकच मार्ग आखला तर पुरुषांच्या परंपरेला धक्का लागत नाही; असल्या अंतराच्या शर्यती त्यांनी ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या आहेत. बर्फावरच्या स्की शर्यतींनी हे करून दाखवलं आहे. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये स्त्रियांना ३० आणि पुरुषांना ५० किलोमीटर अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती. २०२२च्या बीजिंगमध्ये वाऱ्या-थंडीमुळे पुरुषांची शर्यत ऐन वेळी तिसाच्याही खाली आणावी लागली आणि कुणी त्या सुवर्णपदकाला कमी लेखलं नाही. २०२६च्या मिलान-कोर्तिनाला दोघांची अंतरं समान झाली, पन्नास किलोमीटरसह. २०२८च्या लॉस एंजेलिसला तर स्त्री खेळाडूंची संख्या पुरुषांपेक्षा किंचित जास्त असणार आहे. त्या स्पर्धेत रस्त्यावरची शर्यत तेवढी अपुरी ठेवायची?

भारतापुरतं बोलायचं तर आपण ऑलिंपिक सायकलिंगमध्ये १९४८, १९५२ आणि १९६४ला उतरलो. १९४८च्या संघात मुंबईचे पारशी सायकलपटू होते. १९६४नंतर कुणी गेलं नाही, आणि भारतीय स्त्री तर एकदाही नाही. तेव्हा हा वाद आपला नाही असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. ज्यांची व्यवस्था अजून उभी व्हायची आहे, त्यांना ती सुरुवातीपासून नीट उभी करता येते.

जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक दिवसांची, ४३७ किलोमीटरची शर्यत. जगभरातले संघ मुळशी-मावळच्या रस्त्यांवर आले. ती पुरुषांची होती. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून डोक्यावर घेणाऱ्या या प्रदेशाला ही शर्यत मिळाली याचा मला अभिमान आहे. रस्ते तयार झाले आहेत, बंदोबस्ताचा अनुभव पोलिसांच्या गाठीशी आहे, गावोगावी लोक कडेला उभे राहतात हेही दिसलं आहे. स्त्रियांची शर्यत इथं सुरू करायची तर ती पहिल्याच वर्षी त्याच मार्गावर, टप्प्यागणिक पुरुषांइतक्याच अंतराची ठेवता येईल. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची परवानगी लागेल, अंतराच्या मर्यादेतून सूट मागावी लागेल. ती मागणी पुण्याहून जाऊ दे. सकाळी लवकर स्त्रियांचा टप्पा सोडला आणि त्यांच्यामागून पुरुषांचा, तर घाट एकदाच बंद करावा लागेल.